एका डोळ्याचं देऊळ

आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. पण 'हे आले, हे गेले' करत बसले तर ऐकणाऱ्याला कळायचंच नाही कोण आलं नि कोण गेलं, म्हणून एकदा सांगून टाकते. हिरामण. घरात मी 'अहो' म्हणते, आणि राग आला की काहीच म्हणत नाही, नुसती भांडी आपटते. माझं नाव मैना. जीभ तिखट आहे हे सासूने लग्नानंतर आठ दिवसांत सगळ्या आळीला सांगून ठेवलं होतं, तेव्हा ते मी नव्याने सांगायला नको.

आम्ही राहतो रोह्यात. हिरामण मूळचा पेणच्या खाडीकडचा. त्याच्या घरी बापजाद्यांपासून मिठागराचं काम. पण पोराचा हात चांगला, म्हणून तो लहानपणीच पेणला काळुरामशेठच्या गणपतीच्या कारखान्यात लागला आणि विशीत आखणी करायला लागला. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. रंग काय, दहाजण देतात. डोळे काढणारा कारखान्यात एखादाच असतो, आणि तो बसला की बाकीचे रेडिओसुद्धा बारीक करतात. लग्न ठरताना माझा बाप म्हणाला, सहा महिने चालणाऱ्या धंद्यावर मी पोरगी देणार नाय. म्हणून हिरामण धाटावला एका कंपनीत लागला. तेव्हा मी खूश झाले होते. शिफ्टचा माणूस, बसने जाणार, बसने येणार, अजून काय पाहिजे?

चौऱ्याण्णव साली शिमग्याच्या आदल्या दिवशी, पहिल्या शिफ्टला, एका पाइपाचा जोड सुटला आणि आतलं केमिकलचं पाणी त्याच्या डाव्या डोळ्यात उडालं. डॉक्टरांनी उजवा वाचवला. भेटायला येणारा प्रत्येकजण म्हणायचा, एक तरी राहिला, नशीब समजा. मीपण मान हलवायची. मला वाटायचं, एक डोळा गेला म्हणजे दिसणं निम्मं झालं, दुसरं काय? तसं नसतं हो. दिसतं सगळं. पण लांब कुठलं नि जवळ कुठलं ते कळत नाही. कडी धरायला जावं तर हात आधीच दारावर आपटायचा. जिना संपला असं समजून पाय टाकायचा नि तो हवेतच जायचा. माणसाला हळूहळू सवय होते म्हणतात, त्यालाही झाली. पण भीती बसली ती बसलीच. कंपनीने त्याला गेटवर बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे पास लिहायला.

पुढच्या वर्षी गणपतीच्या आधी त्याने चार दिवस सुट्टी काढली आणि मला घेऊन काळुरामशेठकडे गेला. शेठनी काही विचारलं नाही. दीड फुटी मूर्ती पुढ्यात ठेवली, ब्रश हातात दिला. आखणी करताना करंगळी मूर्तीच्या गालावर टेकतात, म्हणजे हात हलत नाही. हिरामणची करंगळी टेकली नाही, आपटली. काळी रेघ सरळ सोंडेवर! शेठनी ओल्या फडक्याने पुसली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्याने ब्रश खाली ठेवला आणि म्हणाला, "शेठ, मी पाटांना रंग देतो." दिवसभर तो पाटांना लाल रंग देत बसला. पेणच्या रामवाडीला एसटी मिळाली, तेव्हापासून रोह्यापर्यंत तो खिडकीबाहेर बघत होता आणि मी माझ्या बापाला मनातल्या मनात शिव्या घालत होते.

त्याच पावसाळ्यात ते चहाचं झालं. आमची प्रणिता तेव्हा अडीच वर्षांची. बाप चहा प्यायला बसला की ही मांडीला चिकटलेली. त्याने कपातला चहा बशीत ओतला. म्हणजे त्याला वाटलं बशीत ओतला. बशी राहिली बाजूला, आणि कडकडीत चहा पोरीच्या पायावर. फोड आले, आठ दिवसांत बरे झाले, डागसुद्धा राहिला नाही. पण त्या दिवसापासून हिरामणने पोरीला हात लावला नाही. एकदाही नाही. ती दोन हात वर करून 'घे' म्हणायची, आणि हा मोठा माणूस दोन पावलं मागे सरकायचा. ती झोपली की तेवढा तिच्याजवळ बसायचा.

मी भांडले. रडले. शेजारच्या जनीवहिनीला मध्ये घातलं. एकदा तर पोरीला सरळ त्याच्या अंगावरच टाकायला निघाले होते. तो भिंतीला टेकला, म्हणाला, "नको गो. अंदाज चुकला तर?"

"पडली तर पडेल! पोरं पडतात!"

"माझ्या हातून नाय पडायची."

झालं. तेरा महिने असेच गेले. डोळ्याचं दुःख मी गिळलं असतं, पण हे मला गिळता येईना. मला बाकी काही नको होतं. बापाने पोरीला उचलावं, एवढंच.

मधल्या उन्हाळ्यात आम्ही सासरी गेलो. मीठ काढायचे दिवस. भर दुपारी हा मला मिठागराच्या बांधावर घेऊन गेला आणि म्हणाला, "बघ."

"काय बघू? मीठ हाय."

"बांध बघ. हे दोन बांध एकमेकांपासून सगळीकडं सारखेच लांब हायत. माझ्या बापाने दोरी लावून घातलेत. पण नजर टाक. पुढं पुढं कसे जवळ येतात? कप्पे बारीक होत जातात, रंग फिका होत जातो, आणि पार तिकडं सगळं एका ठिकाणी मिळतं."

"मिळतं तर मिळू दे. माझं डोकं तापलंय."

तो हसला. दोन वर्षांत पहिल्यांदा. "दोन डोळे होते तेव्हा मला लांब-जवळ आपोआप कळत होतं, म्हणून मी हे कधी बघितलंच नाय. शाळेत ड्रॉइंगच्या सरांनी शिकवलेलं, पर्स्पेक्टिव्ह म्हणून. आपण मार्कांपुरतं केलं. आता माझ्याकडं तेवढंच उरलंय गो. कशामागं काय झाकतं, काय बारीक होतं, काय फिकं होतं. त्याच्यावरनं मी अंतर लावतो."

रोह्याला आल्यावर त्याने काय करावं? नुकताच चुना दिलेल्या माझ्या भिंतीत खिळा ठोकला! खिळ्याला दोरी बांधली, दोरी ताणून कोळशाने रेघा मारायला लागला. वरची रेघ खिळ्याकडे, खालची रेघ खिळ्याकडे, जिकडून मारावी तिकडून खिळ्याकडेच. मी बाजारातून आले ती पिशवी आपटून ओरडलेच. पण प्रणिता भिंतीजवळ गेली, तिने हात पुढे करून भिंत चाचपली, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, आत कोण राहतं?" 

त्यानंतर त्याला वेडच लागलं. गेटपासच्या मागे देवळं, जिने, बोळ, दारं. कुठल्याही गावात नसलेल्या जागा. एक बोळ काढला होता, तो बघून जनीवहिनी म्हणाली, इथून मला एकटीला जायला नको सांगू. एक दार काढलं होतं, ते बघून मला उगीचच माहेरची आठवण आली, आणि माहेरी तसलं दार नव्हतंच. मी विचारलं, हे कसं करता? तो म्हणाला, "खिळा खाली ठोकला की माणूस लहान पोर होतं, सगळं अंगावर येतं. वर ठोकला की माणूस मोठा होतो, त्याला मालकी वाटते. खिळा कुठं मारायचा तेवढं ठरवायचं."

मग त्याने चपलांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे खांब लावून एक आख्खं देऊळ केलं. खोक्याला एका बाजूला भोक, भोकाला डोळा लावून बघायचं. ते त्याने आमच्या मित्र मंडळाच्या अध्यक्षाला दाखवलं. हा सखा, कंपनीत दुसऱ्या शिफ्टला असतो, बोलायला लागला की समोरच्याला जांभई आली तरी थांबत नाही. त्याने खोक्याला डोळा लावला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही.

"ही जागा कुठं हाय रे?"

"कुठंच नाय."

"मग बांध," सखा म्हणाला. "ह्या गणपतीला बांध."

मंडपात गणपतीच्या डाव्या हाताला त्याला जागा मिळाली. दहा फूट रुंद, आठ फूट खोल. आमच्या मोरीपेक्षा जरा मोठी म्हणा. त्यात ह्याला शंभर हात लांबीचं देऊळ उभं करायचं होतं! कंपनी सुटली की हा तिथे. पुढचे खांब नऊ फुटांचे, त्यामागचे सात, मग पाच, असे करत शेवटचे माझ्या हाताएवढे. सगळे प्लायचे, दगडाचा रंग दिलेले. छप्पर नाही, वर संध्याकाळचं आकाश रंगवलेलं. जमीन म्हणजे मागे चढत गेलेली प्लायची फळी, आणि त्या फळीवर त्याने काय काढलं असेल? मिठागर. देवळात फरशी नाही, उथळ पाण्याचे चौकोन, मधून पांढरे बांध. बांधांवर त्याने खरं मीठ चिकटवलं. पुढे बोराएवढे खडे, मागे जाईल तसे बारीक, अगदी शेवटी मी स्वयंपाकात वापरते ते दळलेलं. आणि सगळ्याच्या शेवटी भिंतीत एक दार, दीड फुटांचं. दारामागे हॅलोजनचा दिवा, म्हणजे दारातून उजेड बाहेर यावा.

सखा कुरकुरला, "अरे, मिठागरात देऊळ? लोक काय म्हणतील?"

हिरामण म्हणाला, "काय नाय म्हणणार. गप्प होतील."

पहिल्या दिवशी आरती झाली, पडदा सरकवला, आणि लोक हसले.

हो. हसले. डावीकडे उभे होते त्यांना खांब वाकडे दिसत होते. उजवीकडच्यांना दार भिंतीला लटकल्यासारखं दिसत होतं. मधे उभ्या असलेल्यांना मागचे बारके खांब म्हणजे पोरांची खेळणी वाटली. कोणी तरी ओरडलं, "ओळंबा घरी राहिला काय रे?" सखाचं तोंड उतरलं. हिरामण एका जागी उभा होता आणि त्याला काही कळतच नव्हतं लोक का हसतात ते. त्याला तर शंभर हातांचं देऊळ दिसत होतं, लखलखीत. मग त्याचं तोंड पडलं. माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला, "मैना, माझं चुकलं. लोकांना दोन डोळे असतात, हे मी विसरलोच."

 ते ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. हसणाऱ्यांत पुढे एक जाडा माणूस होता, त्याच्या खांद्याला धरून मी त्याला ओढलं आणि हिरामण उभा होता त्या जागेवर उभं केलं. म्हटलं, "एक डोळा मीट! मीट म्हणते ना!" तो बिचारा घाबरून दोन्ही मिटून बसला. मी त्याचा एक डोळा माझ्या हाताने झाकला. म्हटलं, "आता बघ नि आता हस."

तो हसला नाही. त्याने तोंड उघडलं ते तसंच राहिलं. मग अगदी हळू, लहान पोरासारखं विचारलं, "वहिनी, हे... मागं नदी हाय काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सखाच्या मागे लागून समोर अख्खी प्लायची भिंत उभी करून घेतली. हिरामणने जागा दाखवली आणि सुताराने तिथे भोक पाडलं, रुपयाच्या नाण्याएवढं. आता दुसरीकडून बघायची सोयच नाही. एका वेळी एक माणूस, एक डोळा. बुटक्यांसाठी खाली पाट, पोरांना उचलून धरायचं. लाईन लावायचं काम मी घेतलं, कारण माझ्यापुढे कोणी घुसत नाही.

आणि मग काय सांगू तुम्हाला? मी रोज तिथे उभी असायची, मला आत काही दिसायचं नाही, मी नुसती लोकांची तोंडं बघायची. माणूस बडबडत यायचा, भोकाला डोळा लावायचा, नि बोलता बोलता थांबायचा. खांद्यावरचा ताण उतरायचा. सेकंड शिफ्टची पोरं कंपनीच्या बसमधून उतरून तशीच यायची, धक्काबुक्की करत, आणि बघून झालं की एकमेकांशी न बोलता निघून जायची. एक म्हातारा म्हणाला, आतून गार वारा येतो. वारा कुठला यायला? मागे गटार आहे. पण पुढच्या चारजणांनीही तेच सांगितलं. एक बाई बघता बघता रडायला लागली, आणि का रडते ते तिलाच सांगता येईना. मीठ काढणारी सीताबाई मुद्दाम पेणच्या खाडीवरून आली होती. पाटावर उभी राहून तिने बघितलं, उतरली, नि माझा हात धरून म्हणाली, "जल्मभर त्या पाण्यात उभी राहिले गो. ते असं हाय हे मला ठावंच नव्हतं."

तिसऱ्या दिवशी मला दिसलं की लोक भोकाजवळ येण्याआधी चपला काढतात. कोणी सांगितलं नव्हतं. देव तर डावीकडे बसला होता, आणि तिथे चपला काढलेल्याच असायच्या. पण ह्या प्लायच्या भिंतीपुढे, रिकाम्या देवळापुढे, पुन्हा चपलांची रांग. 

आता तुम्ही विचाराल, मैना, तू कधी बघितलंस? नव्हतं बघितलं. सखा म्हणायचा, वहिनी, एकदा बघा तरी. जनीवहिनी म्हणायची. हिरामण काही म्हणायचा नाही, तो मागच्या बाजूला स्टुलावर बसलेला असायचा, हॅलोजन तापतो म्हणून त्यावर नजर ठेवून. मी म्हणायची, लाईन कोण बघेल? खोटं. खरं सांगायचं तर मला एक डोळा मिटायचा नव्हता. त्याचा डोळा गेला त्या दिवसापासून मी कधी एक डोळा मिटून बघितलंच नव्हतं. त्याला कसं दिसतं ते मला नको होतं. मला भीती वाटायची की तेवढं एकदा बघितलं तर मला त्याच्यावर चिडता येणार नाही, आणि चिडणं संपलं तर मग उरलं काय?

प्रणिताला मात्र रोज बघायचं असायचं. जनीवहिनी तिला उचलून भोकाशी धरायची आणि ही रोज एकच हट्ट करायची, "मला आत जायचंय." आत काही नाय गो, लाकडं हायत, असं सांगून तिला ओढून न्यावं लागायचं.

सहाव्या दिवशी संध्याकाळी सातच्या सुमाराला, आरतीच्या आधी, लाईन जरा मोडली. लोक आरतीला तिकडे सरकले. भोकापुढे कोणीच नव्हतं. प्रणिता जनीवहिनीजवळ. मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, नि काय मनात आलं कोण जाणे, चपला काढल्या, डावा डोळा मिटला आणि उजवा भोकाला लावला.

आई गं.

मी काय सांगू? ते आठ फूट कुठे गेले? खांब चालले होते, चालले होते, दोन्ही बाजूंनी, आभाळाखाली. मधे पाणी, इतकं शांत की मी श्वास रोखला. पांढरे बांध लांब लांब जात होते. पार शेवटी ते दार, आणि त्यातून येणारा उजेड. तिथपर्यंत चालत जायला संध्याकाळ पुरली नसती. हे माझ्या नवऱ्याच्या डोक्यात होतं? दोन वर्षं भिंतीला टेकून बसणाऱ्या, पोरीपासून मागे सरकणाऱ्या ह्या माणसाच्या आत एवढी जागा होती? मी त्याला आंधळा म्हटलं होतं हो, एकदा भांडताना. माझ्या डोळ्याला पाणी आलं, पण पुसलं तर ते देऊळ जाईल म्हणून मी पुसलंही नाही.

आणि मग त्या देवळात कोणीतरी आलं.

डावीकडच्या पहिल्या खांबामागून एक पोर निघाली. पहिल्या खांबापाशी ती एवढीशी होती. पाण्यावरून चालायला लागली. आणि बघता बघता वाढायला लागली! पुढे जाणारं माणूस लहान होत जातं ना? ही मोठी होत होती. दुसऱ्या खांबाच्या कमरेपर्यंत आली. तिसऱ्याच्या खांद्याला लागली. चौथ्या खांबाहून उंच झाली, आणि त्या एवढ्या मोठ्या देवळात तिचं डोकं आकाशाला टेकलं. माझे हात आपोआप जोडले गेले. खोटं नाही सांगत, मला वाटलं, देवीच आली.

मग तिने खाली वाकून फ्रॉक वर खेचला. पिवळा फ्रॉक. मी शिवलेला.

 प्रणिता! प्लायच्या भिंतीच्या कडेला पडद्याआड हातभर फट होती, तिथून ही जनीवहिनीचा हात सोडून घुसलेली. ती दारापाशी पोचली. दार तिच्या कमरेएवढंसुद्धा नव्हतं. ती वाकली, उजेडाकडे बघून हसली, आणि तिने हात आत घातला. आत हॅलोजन. तापून तापून लाल झालेला.  भोकातून हात घालावा असं वाटलं. ती शंभर हात लांब होती.

तेवढ्यात दारातला उजेड हलला. दिवा बाजूला कुठे तरी ढकलला गेला, पाणी काळं पडलं, आणि त्या दारातून एक हात आला.

केवढा हात! देवळाच्या खांबाएवढं एकेक बोट. दारभर हात. तो हळूहळू आला नाही, चाचपत आला नाही, आधी कशाला आपटला नाही. सरळ आला आणि पोरीचं मनगट धरलं. मग दुसरा आला, तिच्या काखेत शिरला. पोर ओरडली नाही, रडली नाही. त्या दोन हातांनी तिला उचललं, दारातून आत घेतलं, आणि देऊळ रिकामं झालं.

मी कशी धावले मला आठवत नाही. मंडपाच्या मागे, वायरी ओलांडून, अनवाणी. तिकडे आरती सुरू झाली होती. हॅलोजन आडवा पडलेला. हिरामण खाली मातीत बसला होता, उजवा हात कोपरापर्यंत भाजलेला, आणि त्याच्या छातीशी प्रणिता. ती त्याच्या शर्टाचं बटण ओढत त्याला सांगत होती की आत मीठ आहे, तिने चाटून बघितलं.

माझ्या तोंडून एवढंच आलं, "कसं सापडलं तुम्हाला? अंदाज कसा..."

"अंदाज कशाला?" तो म्हणाला.  "दारापासून पहिला बांध नऊ इंच. ती बांधावर उभी होती. सगळं मीच मोजलंय गो."

मग भानावर आल्यासारखं त्याने पोरीकडे बघितलं. तिला धरलंय हे त्याला तेव्हा कळलं. तो घाबरला, मला दिसलं ते. त्याने दोन्ही हात लांब करून तिला माझ्यापुढे धरली. "घे. घे हिला लवकर."

माझे हात पुढे जायला निघाले होते. आई आहे मी. भाजलेला हातही दिसत होता मला. पण मी दोन्ही हात मागे नेले आणि पाठीमागे एकमेकांत घट्ट धरून ठेवले.

"नाय घेत," म्हटलं. "मला लाईन बघायचीय."

 पोर त्याच्या हातांत लोंबत होती, पाय हलवत होती. मी तोंड फिरवलं, कारण मला रडू आवरेना, आणि चालायला लागले. चार पावलं गेले, पाच गेले. मागून तिचा आवाज आला, "बाबा, वर घे ना." मी वळले नाही. सहावं पाऊल टाकलं तेव्हा ऐकलं, तो उठत होता, जड माणूस मातीतून उठताना करतो तसा आवाज करत, आणि म्हणत होता, "गळ्याला धर. नीट धर हां, घरी जाऊ."